सागवानी झडपांत ब्लाइंड्स असलेली दुहेरी काच बसवण्याविषयी

ब-२०४ : सर्वांना नमस्कार. आमचा हॉल पश्चिमेला, रस्त्याच्या बाजूला आहे. दुपारनंतर पडदे ओढल्याशिवाय तिथे बसता येत नाही, आणि सासूबाईंना दम्याचा त्रास असल्यामुळे धूळ धरणारे जाड पडदे आम्हाला काढून टाकायचे आहेत. म्हणून दोन काचांमधल्या पोकळीतच ब्लाइंड्स बंदिस्त असलेली युनिट्स बसवण्याचा विचार आहे. काचवाल्याने २८ मिमी जाडीचे युनिट सुचवले असून झडपेची खाच राऊटरने (लाकूड कोरण्याच्या यंत्राने) खोल करून देतो, असे तो म्हणतो. झडपा मूळच्या सागवानी आहेत, त्यामुळे मन धजत नाही. क-१०३ चे काका, आपले मत कळले तर बरे होईल.

क-१०३ : ताई, धुळीसाठी हा उपाय उत्तम आहे, कारण सीलबंद पोकळीतल्या पट्ट्या कधी पुसाव्या लागत नाहीत. उन्हाचेही तेच. आतला पडदा ऊन खोलीत आल्यावर अडवतो, तर हे ब्लाइंड्स ते काचेतच अडवतात. पण खाच खोल करू देऊ नका, एवढे माझे कळकळीचे सांगणे आहे.

आपल्या झडपा साधारण ३५ मिमी जाडीच्या आहेत. काच ज्या बाहेरच्या कडेवर टेकते ती १२ मिमीची आहे, आणि उरलेल्या २३ मिमीमध्ये ४ मिमीची काच व आतून ठोकलेली लाकडी पट्टी बसते. नव्या युनिटचे २८ आणि मागच्या फोम टेपचे ३ असे ३१ मिमी लागणार, म्हणजे ८ मिमी कमी पडतात. ते बाहेरून कोरून काढले तर कड जेमतेम ४ मिमीची राहील, आणि वाऱ्याने झडप एकदा आपटली की ती चिरलीच म्हणून समजा. शिवाय युनिटच्या कडेचे सील उन्हापासून झाकले जावे म्हणून खाच रुंदही करावी लागते, आणि कोपऱ्यांत राऊटर फिरला की कुसवे, म्हणजे एका लाकडात दुसरे अडकवणारे सांधे, कापली जातात. झडपेची सगळी ताकद त्या चार कोपऱ्यांतल्या कुसवांत असते. तसले जुने सागवान आज वखारीत सहज मिळत नाही.

लागणारी जाडी लाकूड कोरून नव्हे, तर आतल्या अंगाने वाढवून मिळवावी. जुनी पट्टी काढून तिच्या जागी एल आकाराची सागाची पट्टी पितळी स्क्रूने बसवावी. खिळे ठोकू नयेत, कारण पुढे काच बदलायची वेळ आली तर पट्टी न फुटता निघाली पाहिजे. बाहेर आलेले ८ मिमी आणि त्यांवरची सुमारे १० मिमीची पकड मिळून झडप आतल्या बाजूला १८ मिमी पुढे येईल. आपले ग्रिल आत आहे, तेव्हा बंद झडप आणि ग्रिल यांच्यात किती जागा आहे ते आधी पाहा. कडी आणि मूठही त्याच जागेत वळते. ब्लाइंड्स वर-खाली करणारी चुंबकी सरकमूठ आतल्या काचेच्या कडेला उभ्या रेषेत फिरते. ती नेमकी गजामागे आली तर रोज हाताला त्रास होईल, म्हणून ती डावीकडे हवी की उजवीकडे, हे ऑर्डर देतानाच सांगावे लागते.

अ-३०१ : काका, रस्त्याचा आवाजही थांबेल ना? आम्हीही त्याचसाठी विचार करत होतो.

क-१०३ : केवळ आवाजासाठी हा खर्च करू नका. सारख्या जाडीच्या दोन ४ मिमी काचांचे युनिट एकेरी काचेच्या तुलनेत वाहनांचा आवाज फारसा अडवत नाही. दोन काचा आणि मधली हवा मिळून साधारण २०० हर्ट्झच्या आसपास एकत्र थरथरतात, आणि बस-ट्रकच्या इंजिनांची घरघर त्याच पट्ट्यात येते. आवाज खरा शिरतो तो झडप आणि चौकट यांच्यामधल्या फटींतून. तिथे रबरी सील लावले तर थोड्या पैशांत फरक कळेल. त्याहून जास्त हवे असेल तर ग्रिलच्या आत, निदान १०० मिमी अंतर ठेवून, लॅमिनेटेड (मधे प्लास्टिकचा थर असलेल्या) काचेची दुसरी खिडकी लावावी.

क-२०१ : आमच्या मुलीच्या घरी ठाण्याला अशाच काचांच्या आत खालच्या बाजूने वाफ धरली आणि ती पुसताही येत नाही. ब्लाइंड्सच्या युनिटचेही असेच होणार असेल तर?

क-१०३ : वहिनी, बहुधा युनिटची खालची कड पाण्यात राहिली असावी. दोन काचांमध्ये अंतर ठेवणाऱ्या कडेच्या नळीत ओलावा शोषणारे दाणे असतात, पण सील सतत भिजले की ते उखडते आणि दाण्यांची क्षमता संपते. त्यावर दुरुस्ती नसते, पूर्ण युनिट बदलावे लागते. आपल्या पावसात म्हणूनच युनिट कधीही थेट लाकडावर टेकवू नये. खाली प्लास्टिकचे ठोकळे द्यावेत, चारही बाजूंना ४–५ मिमी मोकळीक ठेवावी आणि खालच्या आडव्या पट्टीतून पाणी बाहेर पडायला भोके पाडावीत. जवसाच्या तेलाची पुट्टी अजिबात वापरू नये, तिचे तेल सील खाते. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉनही नको, न्यूट्रल प्रकारचाच मागावा.

वजनाचेही बघा. आपल्या एका झडपेतली काच साधारण ०.४ चौरस मीटर भरते. ४ मिमीची एकेरी काच ४ किलोची होते, तर दुहेरी ८ किलोची, आणि त्यावर ब्लाइंड्स व पट्ट्या वेगळ्या. दोन जुन्या बिजागऱ्यांवर एवढा भार टाकला तर झडप लोंबेल, म्हणून तिसरी बिजागरी लावावी. ठोकळेही तिरपे द्यावेत, म्हणजे खाली बिजागरीच्या बाजूला आणि वर कडीच्या बाजूला, म्हणजे भार थेट बिजागरीवर जातो.

सचिव : समितीच्या वतीने एवढीच विनंती, की बाहेरून दिसणारी कड आणि पॉलिशचा रंग आहे तसाच राहावा. काम सुरू करण्यापूर्वी एक लेखी अर्ज द्यावा.

ब-२०४ : काका, मनापासून आभार. मग काचवाल्याला आजच मापे देऊ का?

क-१०३ : थोडे थांबा. तुमच्या खिडकीवर दुपारचे ऊन आहे आणि बंद ब्लाइंड्समुळे पोकळी खूप तापते, म्हणून दोन्ही काचा टफन्ड (तापवून मजबूत केलेल्या) घ्याव्यात. पण टफन्ड काच आणि सीलबंद युनिट यांतले काहीही नंतर घासून लहान करता येत नाही. आधी सुताराकडून एकाच झडपेची एल पट्टी करून घ्या आणि झडप ग्रिलला न लागता नीट बंद होते का ते पाहा. मग प्रत्येक झडपेची उंची व रुंदी तीन-तीन ठिकाणी आणि दोन्ही कर्ण मोजून सर्वांत लहान मापातून मोकळीक वजा करा. झडपांवर क्रमांक घाला, कारण तीन झडपांची मापे एकसारखी निघतील असे मला वाटत नाही. तुमचा सुतार येईल त्या दिवशी मला कळवा, मी टेप घेऊन वर येतो.