घरी हेड गॅस्केट बदलल्यानंतर थ्रॉटल सेन्सरचा कोड जात नाही

कृष्णाकाठ (कराड)

नमस्कार. माझ्याकडे २०१४ सालची १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची छोटी गाडी असून ती १,१८,००० किलोमीटर चालली आहे. गेल्या महिन्यात कूलंट कमी होऊ लागले, सायलेन्सरमधून पांढरा धूर येऊ लागला आणि हेड गॅस्केट (इंजिनचे हेड आणि ब्लॉक यांच्यामधले सील) गेल्याची खात्री झाल्यावर मी व माझ्या मेहुण्यांनी ते काम घरच्या शेडमध्येच करायचे ठरवले. हेड उतरवून मशीन शॉपमधून फेस करून आणले, गॅस्केट आणि हेड बोल्ट नवे घातले, टायमिंगच्या खुणा दोनदा जुळवून पाहिल्या. थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा झडपेने कमीजास्त करणारा भाग) उतरलेलीच होती म्हणून तिच्यातला काळा कार्बनही स्प्रे मारून पुसून काढला. इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू झाले आणि आता कूलंट कमी होत नाही.

अडचण अशी की दुसऱ्या दिवसापासून चेक इंजिनचा दिवा लागला आहे. दिवा लागला की आयडल (पेडल न दाबता इंजिन फिरण्याचा वेग) १,५०० आरपीएमच्या आसपास अडकून बसते, ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी रेस चढत नाही आणि गाडी ओढतच नाही. इंजिन बंद करून पुन्हा सुरू केल्यास कधी दहा मिनिटे ती अगदी नीट चालते, तर कधी गल्लीच्या तोंडाशीच पुन्हा तसे होते. ब्लूटूथ स्कॅनरवर पी-२१३५ आणि पी-०२२२ असे दोन कोड येतात. जवळच्या एका गॅरेजमध्ये विचारले असता सेन्सर सुटा मिळत नाही, पूर्ण थ्रॉटल बॉडीच बदलावी लागेल, असे सांगण्यात आले. नवी घेण्याची ऐपत सध्या नसल्याने भंगारातून त्याच मॉडेलची एक आणून बसवली, तरीही तेच दोन कोड आले.

वायरिंग मी तपासले आहे. थ्रॉटल बॉडीचा कपलर (वायरींचा जोड) काढून मल्टिमीटरच्या पिना त्याच्या भोकांमध्ये घालून पाहिल्या. एका भोकात ५ व्होल्ट येतात, म्हणजे वायरिंग ठीक असावे. आता ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक) खराब झाला असेल का, हा माझा प्रश्न आहे. तो बदलणे म्हणजे गाडीच्या किमतीच्या मानाने फार मोठा खर्च आहे.

जुने गॅरेज (नाशिक)

आपण सविस्तर लिहिल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. एकतीस वर्षे हेच काम केले, आता मुलगा गॅरेज पाहतो. आपण आणि मेहुण्यांनी हेडचे काम व्यवस्थित केलेले दिसते, तेव्हा ईसीएमचा विचार तूर्त मनातून काढून टाकावा.

आधी कोडचा अर्थ नीट घेऊ. आपल्या गाडीत ॲक्सिलरेटरची केबल नाही. पेडलचा सेन्सर पाय किती दाबला ते ईसीएमला सांगतो आणि ईसीएम मोटरच्या साहाय्याने थ्रॉटलची झडप उघडतो. झडप खरोखर किती उघडली हे सांगण्यासाठी थ्रॉटल बॉडीच्या झाकणात एक नव्हे तर दोन सेन्सर असतात, आणि दोघांची साक्ष जुळते की नाही हे ईसीएम सतत ताडून पाहत असतो. साक्ष जुळली नाही की पी-२१३५ येतो. दुसऱ्या सेन्सरच्या सर्किटचा व्होल्टेज असायला हवा त्याहून फार खाली गेला की पी-०२२२ येतो. अशा वेळी ईसीएम मोटरचा पुरवठा तोडतो, झडप स्प्रिंगच्या जोरावर किंचित उघडी राहते आणि गाडी कशीबशी कडेला घेता येईल एवढीच ताकद देते. तुमचे अडकलेले १,५०० आरपीएम हेच आहे, ती वेगळी तक्रार नाही.

पी-०२२२ हा कोड दुसऱ्या सेन्सरच्या संपूर्ण सर्किटबद्दल बोलतो, केवळ सेन्सरबद्दल नाही. सर्किटमध्ये सेन्सर, कपलरच्या पिना, वायर आणि ईसीएमचे टोक हे सगळे येते. दोन वेगवेगळ्या थ्रॉटल बॉडी लावूनही कोड तोच राहिला, याचा अर्थ दोन्ही एकाच जागी खराब असण्यापेक्षा दोष वायरच्या बाजूला असण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे. तुम्ही भंगारातली बॉडी आणली ती वाया गेली असे समजू नका, तिने फार महत्त्वाची चाचणी फुकटात करून दिली.

आता जिथे जिथे तुमचा हात लागला ती ठिकाणे आधी पाहा. मॅनिफोल्ड (थ्रॉटल बॉडीतून आलेली हवा सिलिंडरांना वाटणारा भाग) परत बसवताना वायरिंगचा जुडगा त्याच्या ब्रॅकेटखाली दाबला गेला आहे का, इंजिन उचलताना किंवा हेड काढताना वायर ओढली गेली का, कपलरमधली एखादी पिन मागे सरकली आहे का. आणि एक गोष्ट स्पष्टच विचारतो: मल्टिमीटरच्या पिना तुम्ही कपलरच्या पुढच्या बाजूने भोकात घातल्या होत्या का?

एक ताकीद. किल्ली ऑन असताना झडप बोटाने ढकलून पाहू नका. मोटरला पुरवठा मिळाला तर ती एकदम मिटते आणि बोट चेचते. किल्ली बंद असतानाही स्क्रू ड्रायव्हरने जोर लावू नये, आतले गिअर प्लॅस्टिकचे असतात.

मीटर आणि वायर (पिंपरी-चिंचवड)

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. मोजणी कशी करायची तेवढे लिहितो. कपलर काढून ५ व्होल्ट दिसले म्हणजे एका वायरची परीक्षा झाली, उरलेल्या पाच वायरींची झालीच नाही. सहा वायरींपैकी दोन मोटरच्या, एक ५ व्होल्टची, एक सेन्सरच्या अर्थिंगची आणि दोन सिग्नलच्या असतात. कोणती कुठली ते आपल्या मॉडेलच्या सर्किट डायग्रामवरूनच ठरवावे, रंगावरून अंदाज करू नये.

कपलर जोडलेलाच ठेवावा. त्याच्या मागच्या बाजूने, जिथे वायर रबरी सीलमधून आत शिरते तिथून, बारीक टाचणी वायरीला लगटून अलगद आत सरकवावी आणि मीटरची लाल पिन तिला लावावी. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला. वायरचे आवरण टोचू नये, पावसाळ्यात तिथूनच तांबे हिरवे पडू लागते. किल्ली ऑन, इंजिन बंद. पुरवठ्याच्या वायरवर जवळजवळ ५ व्होल्ट हवेत आणि अर्थिंगच्या वायरवर ०.१ व्होल्टच्या खाली. तिथे त्याहून जास्त दिसले तर अर्थिंगमध्ये अडथळा आहे, मग पुढचे आकडे पाहण्यात अर्थ नाही.

त्यानंतर दोन्ही सिग्नल. बऱ्याच गाड्यांत एक सिग्नल झडप उघडताना चढतो आणि दुसरा तेवढाच उतरतो, त्यामुळे दोघांची बेरीज कोणत्याही क्षणी ५ व्होल्टच्या जवळपास राहते. काही गाड्यांत दोन्ही चढतात, पण वेगवेगळ्या चढाने. तुमची कोणत्या प्रकारची आहे ते दोनचार मापांत कळेल. कोड पुसून टाका, मेहुण्यांना आत बसवून पेडल अगदी सावकाश दाबायला सांगा आणि मीटरकडे पाहत राहा. मग पेडल स्थिर धरून दुसऱ्या हाताने कपलर आणि त्यामागचा वितभर जुडगा हलवा. दोष येतो-जातो असा असेल, तर तो या हलवण्यातच सापडतो.

देवगडकर (देवगड)

माझा अनुभव २००५ सालच्या केबलच्या गाडीचा आहे, तो उपयोगी पडेल या हेतूने लिहितो. तिच्यात थ्रॉटल सेन्सर बाहेरून दोन स्क्रूंनी बसवलेला होता आणि त्या स्क्रूंची भोके लांबट होती, म्हणजे सेन्सर किंचित फिरवून बंद झडपेचा व्होल्टेज साधारण ०.५ वर आणता येत असे. मी साफसफाईनंतर तो अंदाजाने बसवला होता, त्यामुळे पाय काढला तरी झडप बंद झाल्याचे ईसीएमला कळतच नव्हते. व्होल्टेज मोजून सेन्सर बसवल्यावर गाडी सुधारली. तसेच बॅटरीचे टर्मिनल अर्धा तास काढून ठेवल्यास ईसीएमची स्मृती पुसली जाते आणि आयडल आपोआप जागेवर येते, असे मला सांगण्यात आले होते. कृष्णाकाठ यांनी तेही करून पाहावे.

जुने गॅरेज (नाशिक)

देवगडकर, केबलच्या गाडीसाठी आपण सांगितलेले अगदी बरोबर आहे. मात्र कृष्णाकाठ यांच्या थ्रॉटल बॉडीत फिरवण्यासारखे काही नाही, आणि झडपेजवळ जो लहान अडवणीचा स्क्रू दिसतो तो कारखान्यात बसवून बंद केलेला असतो. त्याला कोणीही हात लावू नये. बॅटरी काढण्याबद्दल माझे मत वेगळे आहे. काही गाड्यांत त्याने काम होते, पण कित्येक गाड्यांत झडपेची बंद स्थिती ईसीएमला नव्याने शिकवण्याची ठरलेली पद्धत असते आणि ती त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे किंवा स्कॅनरवरूनच करावी लागते. शिवाय तुटलेली वायर बॅटरी काढून जुळत नाही. आधी दोष, मग शिकवणी.

कृष्णाकाठ (कराड)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. नाशिकच्या काकांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. मी पिना पुढूनच घातल्या होत्या, आणि त्या जाड असल्याने थोड्या दाबाव्याही लागल्या होत्या. पण कोड त्याच्या आधीच आला होता, म्हणून मला त्यात चूक वाटली नव्हती.

रविवारी सांगितल्याप्रमाणे मोजले. पुरवठा ५.०१ व्होल्ट, अर्थिंग ०.०२. पहिला सिग्नल ०.८१ आणि दुसरा ४.१८, बेरीज ४.९९. मेहुण्यांनी पेडल दाबले तसा पहिला चढत आणि दुसरा उतरत गेला, बेरीज कायम. नंतर कपलरच्या मागचा जुडगा बॅटरीच्या दिशेने हलवला, तर काही झाले नाही. इंजिनच्या दिशेने वाकवला आणि दुसरा सिग्नल थेट ०.०४ वर पडला. सोडला की परत ४.१८. हे चार वेळा करून पाहिले.

कपलर काढून आरशाने आणि टॉर्चने आत पाहिले. पाच टर्मिनल (वायरींची धातूची टोके) एका ओळीत होती, आणि दुसऱ्या सिग्नलचे टर्मिनल इतरांपेक्षा जेमतेम दीड मिलिमीटर मागे बसलेले होते. शिवाय त्याची आतली जीभ पसरलेली होती. मॅनिफोल्ड बसवताना जुडगा त्याच्या मूळ क्लिपमध्ये न घालता आम्ही खालून फिरवला होता, त्यामुळे वायर ताणली जाऊन टर्मिनल मागे सरकले असावे. त्यावर मी जाड पिन दाबून ते आणखी सैल केले.

प्रश्न असा आहे की जीभ चिमट्याने दाबून भागेल की टर्मिनलच बदलावे?

मीटर आणि वायर (पिंपरी-चिंचवड)

बदलावे. जीभ एकदा पसरली की तिची स्प्रिंग जाते; दाबून बसवली तर महिनाभर चालेल आणि एखाद्या घाटात पुन्हा सुटेल. ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात कपलर दाखवून त्याच मापाचे टर्मिनल घ्या, कपलरचे आडवे लॉक आधी उघडा, मग जुने टर्मिनल पुढून अडकण सोडवून मागे काढा. नवे टर्मिनल योग्य क्रिम्पिंग पक्कडीने दाबून बसवा. कपलरमध्ये घालण्यापूर्वी त्याच मापाची सुटी पिन त्यात सरकवून पाहा, ती धरून ठेवल्यासारखी किंचित अडली पाहिजे. टर्मिनल आत गेल्यावर टक् असा आवाज येतो, त्यानंतर वायर हलकेच मागे ओढून पाहा. जुडगा पुन्हा मूळ वाटेने न्या आणि कपलरजवळ त्याला थोडी ढील ठेवा.

कृष्णाकाठ (कराड)

टर्मिनल बदलले, जुडगा मूळ क्लिपमध्ये घातला. गेल्या नऊ दिवसांत दोन्ही कोड आलेले नाहीत आणि पिकअप पूर्ववत झाला आहे. मात्र शिकवणीची पद्धत मॅन्युअलप्रमाणे करूनही गरम इंजिनचे आयडल १,१०० च्या खाली येत नाही, आणि काल पी-०५०७ हा नवा कोड आला. कुठून तरी हवा आत जात असावी अशी शंका आली म्हणून स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (ईसीएम पेट्रोलच्या प्रमाणात करत असलेली कमीजास्त दुरुस्ती) पाहिला, तर तो ३ टक्क्यांच्या आत आहे. हवा शिरत असती तर तो बराच वाढायला हवा होता ना?

जुने गॅरेज (नाशिक)

तुमच्या गाडीत आत येणारी हवा मोजणारा सेन्सर नाही, मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा सेन्सर आहे. हवा मोजणाऱ्या गाडीत चोरवाटेने शिरलेली हवा हिशेबात येत नाही, मिश्रण पातळ होते आणि ट्रिम वाढतो. दाब मोजणाऱ्या गाडीत तीच हवा दाब वाढवते, ईसीएम त्या दाबाप्रमाणे पेट्रोलही देतो, त्यामुळे मिश्रण बरोबर राहते आणि फक्त आयडल चढते. म्हणून ट्रिम चांगला दिसला तरी शंका सोडू नका. पी-०५०७ चा अर्थच आयडल अपेक्षेपेक्षा जास्त आहे, म्हणजे ईसीएमने झडप जवळजवळ मिटवली तरी हवा येतेच आहे.

गरम इंजिनवर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारून हवा शोधण्याची पद्धत घरी करू नका, आग लागते. साबणाचे पाणी फवारणीच्या बाटलीत घ्या. थ्रॉटल बॉडी आणि मॅनिफोल्डचा सांधा, पीसीव्हीची (इंजिनच्या आतली वाफ मॅनिफोल्डमध्ये नेणारी) नळी, ब्रेक बूस्टरची नळी, असे एकेक ठिकाण भिजवा. जिथे पाणी आत ओढले जाईल तिथे क्षणभर आयडल खाली येईल. तुम्ही थ्रॉटल बॉडी किती वेळा काढली आणि तिची रबरी रिंग नवी घातली का, तेही कळवा.

कृष्णाकाठ (कराड)

थ्रॉटल बॉडी एकूण चार वेळा काढली होती आणि रिंग दर वेळी तीच वापरली होती. साबणाचे पाणी थ्रॉटल बॉडीच्या खालच्या कडेला लागताच आयडल ९०० पर्यंत खाली आले. उघडून पाहिले तर रिंग एका बाजूने पूर्ण चपटी झाली होती, आणि खाचेत जुन्या सीलंटचा बाजरीच्या दाण्याएवढा कण अडकला होता, तिथे रिंग बसतच नव्हती. खाच कापडाने स्वच्छ पुसून नवी रिंग घातली, मूळची थ्रॉटल बॉडी परत लावली आणि दहाच्या पान्याने चारही बोल्ट तिरके-तिरके, दोन फेऱ्यांत, मॅन्युअलमध्ये दिलेल्या १० न्यूटन-मीटरला आवळले. शिकवणी पुन्हा केली.

आता गरम इंजिनचे आयडल ७५० ते ७८० च्या दरम्यान राहते. शनिवारी कोयनानगरमार्गे कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला गेलो आणि संध्याकाळी चौघांना घेऊन तोच घाट चढून परत आलो. दिवा लागला नाही, कूलंटही पातळीवर आहे. मेहुण्यांनीही आपणा सर्वांना धन्यवाद कळवायला सांगितले आहे.

भंगारातून आणलेली थ्रॉटल बॉडी दोन्ही सिग्नल मोजून पाहिली, ती उत्तम आहे. कराड किंवा साताऱ्याच्या बाजूला कोणाला अशाच तपासणीसाठी हवी असल्यास येथे लिहावे, मी वापरायला देईन.