एकच पिंपळी दोन गणांत कशी?

प्रश्न: द्रव्यगुण (आयुर्वेदातलं औषधी द्रव्यांचं शास्त्र) शिकतेय. चरकसंहितेत पिंपळी दीपनीय (भूक-पचन वाढवणाऱ्या) गणातही, म्हणजे औषधांच्या गटातही आहे आणि कासहर (खोकला घालवणाऱ्या) गणातही. मग तिला नेमकी कुठली म्हणायची?

उत्तर १: दोन्ही! चरकाचे हे 50 गण, म्हणजे महाकषाय, कर्मावरून (शरीरावरच्या कामावरून) केलेत, प्रत्येकी 10 द्रव्यं. तुमचीच शंका संहितेत शिष्य अग्निवेशानं विचारलीय. त्याचे गुरू आत्रेय यांचं उत्तर मला फार आवडतं: एक माणूस अनेक कामं करतो, तसंच द्रव्याचं. सूत्रस्थानाचा (संहितेच्या पहिल्या विभागाचा) चौथा अध्याय जरूर वाचा.

उत्तर २: सुश्रुताचे 37 गण वेगळे. त्यांना गणातल्या पहिल्या द्रव्याचं नाव, जसं आरग्वधादि, म्हणजे आरग्वध (बहावा) वगैरे.

उत्तर ३: रस (चव), वीर्य (उष्ण-शीत शक्ती), विपाक (पचनानंतरचा रस) हेही बघा. चित्रक आणि दंती या दोन्ही औषधी वनस्पती कटु (तिखट) रसाच्या, उष्ण वीर्याच्या, कटु विपाकाच्या, तरी रेचक (जुलाब करणारी) दंतीच. तो प्रभाव, म्हणजे रस-वीर्य-विपाकावरून न उलगडणारं खास कर्म.

प्रश्नकर्ती: चौथा अध्याय आजच काढते. दंतीचं उदाहरण वहीत उतरवलं.