मदत हवी आहे: गॉसिप पेज, फोटो आणि कॉपीराईटची नोटीस

नमस्कार मंडळी, इथे कोणी कॉपीराईटचं बघणारं वकील आहे का? माझा मावसभाऊ सिरीयलवाल्यांच्या गॉसिपचं पेज चालवतो, म्हणजे कोणाचेही एअरपोर्टवरचे फोटो उचलायचे, त्यावर पांढऱ्या अक्षरात काहीतरी खवचट लिहायचं आणि टाकायचं. आता एका फोटोग्राफरची नोटीस आलीय तर साहेब म्हणतात, अमेरिकेतला तो गॉसिप ब्लॉगर पेरेझ हिल्टन हेच करून मोठा झाला ना!

झाला, मान्य. 2004 ला ब्लॉग काढला, पहिलं नाव न्यूयॉर्क पोस्ट या पेपरच्या पेज सिक्स या गॉसिप सदरावरून घेतलेलं, त्यावरून वाद झाला म्हणून बदललं, कॅफेत बसून स्टार लोकांच्या तोंडावर रेघोट्या मारायचा आणि हॉलिवूड घाबरायचं त्याला. पण 2006 मध्ये एक्स17 या पापाराझी एजन्सीने 51 फोटो न विचारता वापरले म्हणून 76 लाख डॉलरचा दावा ठोकला, पुढच्या वर्षी युनिव्हर्सल या फिल्म स्टुडिओने पण कोर्टात खेचलं, ते कोण सांगणार याला?

तो तिकडे फेअर यूज म्हणत होता, म्हणजे काही कामांसाठी न विचारता वापरायची कायद्यातली सूट. आपल्याकडे कॉपीराईट कायद्याच्या कलम 52 मध्ये तशीच फेअर डीलिंगची सूट आहे, टीका, समीक्षा, चालू घडामोडी वगैरे, पण फोटोवर "बया कुठे निघाली" लिहिलं की ती टीका होते का? मला तरी नाही वाटत. आणि फोटो काढून टाकले तर मिटतं का, की भरपाई द्यावीच लागते? मावशीला अजून काही माहीत नाहीये, पुण्यात परवडेल असा वकील असेल तर प्लीज मेसेज करा.