शब्दचर्चा : हरकत, पश्चात्ताप आणि प्रोटेस्टंट

प्रश्न :
भाचीचा इतिहासाचा अभ्यास घेत होतो. तिच्या वहीत दोन वाक्यं आहेत. 'चर्चचा निषेध केला म्हणून ते प्रोटेस्टंट' आणि 'पापमुक्तिपत्र म्हणजे पैसे देऊन मिळणारी पापाची माफी'. ती म्हणते, "मामा, निषेध तर रोज कुणी ना कुणी करतंच, त्याचा पंथ कसा झाला?" मला उत्तर देता आलं नाही. हे दोन मराठी शब्द नेमके आहेत का?

प्रतिसाद १ :
'निषेध' अगदीच चूक नाही, पण तो ऐकला की मोर्चा आणि काळे झेंडे डोळ्यांपुढे येतात. हा शब्द जन्मला तो कायद्याच्या भाषेत. १५२९ साली जर्मनीत श्पायर इथे पवित्र रोमन साम्राज्याची, म्हणजे तिथल्या राजांची आणि नगरांची, सभा भरली होती. आधीच्या, १५२६ च्या सभेने राजांना धर्माच्या बाबतीत थोडी मोकळीक दिली होती. ती या सभेने बहुमताने काढून घेतली. तेव्हा ल्यूथरच्या बाजूचे सहा राजे आणि चौदा नगरं यांनी रीतसर लिहून दिलं की हा ठराव आम्हाला बंधनकारक नाही, धर्माच्या बाबतीत बहुमत चालत नाही. आपल्याकडे जमिनीच्या फेरफारावर 'हरकत नोंदवतात' ना, तोच प्रकार. म्हणजे प्रोटेस्टंट हे मुळात हरकतदार. मार्टिन ल्यूथर या जर्मन धर्मगुरूने विटेनबर्गमध्ये पापमुक्तिपत्रांविरुद्ध ९५ मुद्दे मांडले १५१७ मध्ये. नाव पडलं ते त्यानंतर बारा वर्षांनी, आणि तेही राजकारणातून.

आता पापमुक्तिपत्र. कॅथलिक शिकवणीप्रमाणे पापाची क्षमा मिळते ती धर्मगुरूपुढे कबुली दिल्यावर. त्यानंतर जी शिक्षा भोगायची उरते, या जगात किंवा मेल्यानंतर, तिच्यात सूट देणारा हा कागद. मूळ लॅटिन शब्द 'इंडल्जेन्शिया' रोमन कायद्यात करमाफी आणि दंडमाफीसाठी वापरत. दुष्काळात शेतसाऱ्याला सूट मिळायची, तसं. त्यामुळे शास्त्राप्रमाणे 'दंडमाफीपत्र' जास्त बरोबर. पण बाजारात लोकांनी घेतलं ते पापमुक्ती म्हणूनच, आणि टेट्झेलसारख्या विक्रेत्यांनी तो समज खोडायची तसदी घेतली नाही. सॅक्सनीच्या राजाने त्याला आपल्या हद्दीत येऊ दिलं नाही, तर विटेनबर्गचे लोक हद्दीपलीकडे जाऊन कागद घेऊन आले! निम्मा पैसा रोमच्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामाला, निम्मा आर्चबिशप आल्ब्रेख्तने फुग्गर सावकारांकडून काढलेलं कर्ज फेडायला. तेव्हा वहीतला शब्द शास्त्राला धरून नसला, तरी धंद्याला धरून आहे.

प्रतिसाद २ :
मी नगरकडची, घरात चार पिढ्या ख्रिस्ती. दादांनी छान सांगितलं, पण खरी मेख ज्या शब्दात आहे तो राहिलाच. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, 'पश्चात्ताप करा'. आम्ही हे लहानपणापासून पाठ म्हणतो. युरोपात मात्र शेकडो वर्षं जे लॅटिन बायबल चालत होतं, त्यातल्या शब्दांचा अर्थ लोक घेत 'प्रायश्चित्त करा'. प्रायश्चित्त म्हटलं की ते सांगणारा आला, विधी आला, दक्षिणा आली. हे मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायला नको.

१५१६ मध्ये इरॅस्मस या डच पंडिताने बायबलचा नवा करार मूळ ग्रीकमध्ये छापला. ग्रीक शब्द आहे 'मेटानोइया', म्हणजे मन पालटणं. ल्यूथरच्या ९५ मुद्द्यांतला पहिलाच मुद्दा या वाक्यावर आहे. ख्रिस्ताला अपेक्षित आहे तो आयुष्यभराचा पश्चात्ताप, असं तो म्हणतो. मन पालटायचं असेल तर कागद विकत घेऊन काय उपयोग? चर्चची फूट एका शब्दामुळे पडली असं मी म्हणणार नाही, पण फट होती ती इथे.

मूळ प्रश्नकर्ता :
म्हणजे आत्तापर्यंत मी पश्चात्ताप आणि प्रायश्चित्त हे शब्द एकाच अर्थाने वापरत होतो. आणि ल्यूथरच्या या चळवळीला 'धर्मसुधारणा' म्हणतात, त्या शब्दाचं काय?

प्रतिसाद १ :
रूढ आहे, राहू द्या. पण आपल्या 'सुधारणे'चं तोंड पुढे असतं. आगरकरांचा 'सुधारक' म्हटलं की नवा काळ डोळ्यांपुढे येतो. ल्यूथरचं तोंड मागे होतं. त्याला पहिल्या शतकातलं चर्च परत हवं होतं. त्याच्या डोक्यात होता तो जीर्णोद्धार! देऊळ मात्र दुसरंच उभं राहिलं. मठ ओस पडले, १५२५ मध्ये त्याने स्वतःच एका माजी जोगिणीशी लग्न केलं. मुलींनाही शाळा हवी म्हणाला. त्याच वर्षी शेतकऱ्यांनी आपला धर्मगुरू आपण निवडायचा आणि वेठबिगारी बंद करायची अशा बारा मागण्या मांडल्या आणि बंड केलं, तेव्हा मात्र हाच गृहस्थ राजांना म्हणाला, ठेचून काढा. तेव्हा 'सुधारक' म्हणताना जरा जपून.

प्रतिसाद ३ :
एक भर. १५५५ च्या जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या तहाने ठरलं की ज्या राजाचा जो धर्म, तोच त्याच्या मुलखाचा. 'यथा राजा तथा प्रजा' ही आपल्याकडे म्हण आहे, तिथे तो कायदा झाला. ज्याला पटेना त्याने घरदार विकून निघावं, एवढी सवलत. आणि राजाला निवड दोनच पंथांतली, कॅथलिक किंवा ल्यूथरचा. कॅल्व्हिन या दुसऱ्या प्रोटेस्टंट नेत्याच्या अनुयायांना मान्यता मिळायला १६४८ उजाडलं. इंग्लंड या तहात नव्हतं, पण तिथल्या कॅथलिकांचेही हाल होते. त्यांतलाच एक तरुण रोमला जाऊन जेझुइट, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक संघाचा सभासद, झाला आणि १५७९ मध्ये गोव्यात उतरला. तो थॉमस स्टीफन्स. ओव्यांतलं 'ख्रिस्तपुराण' त्याचंच, छापलं १६१६ मध्ये.

प्रतिसाद २ :
'हरकतदार' वाचून हसू आलं, पण अर्धंच पटलं. 'प्रोटेस्टंट' ज्यावरून आला त्या लॅटिन 'प्रोटेस्टारी'मध्ये 'टेस्टिस' आहे, म्हणजे साक्षीदार. चारचौघांपुढे साक्ष देणं हा मूळ अर्थ. आमच्याकडे आजही उपासनेत कुणी उठून आपला अनुभव सांगतो, त्याला 'साक्ष देणं'च म्हणतात. जर्मनीत तर हे लोक स्वतःला प्रोटेस्टंटपेक्षा 'एव्हांगेलिश' म्हणवतात, म्हणजे शुभवर्तमानवाले. भाचीला सांगताना हरकत आणि साक्ष दोन्ही शब्द सांगा. परीक्षेत मात्र तिला 'निषेध'च लिहू द्या, गुण जातील पोरीचे.