‘शेजाऱ्यावर प्रीती कर’ हे मुलांना शिकवताना तुमच्या घरी काय काय झालं? (अनुभव धागा)

वास्को

संडेस्कूलला मी सहा ते दहा वर्षांची मुलं घेते. दहा आज्ञा पाठ करून घेणं काही अवघड नाही, निर्गमचा 20वा अध्याय पोरं दोन रविवारांत खडाखड म्हणून दाखवतात. पंचाईत पुढे होते. ‘खून करू नको’ हे सात वर्षांच्या पोराला सांगून काय उपयोग? तो कुठे कुणाचा खून करायला निघालाय! त्याच्यापुढचा प्रश्न एवढाच, की आउट झाल्यावर रडणाऱ्याला चिडवायचं की नाही.

पहिला अनुभव माझाच. आम्ही मूळचे नगरकडचे, सासरे बंदरावर कामाला आले ते इथलेच झाले. गेल्या वर्षी धाकटा खालून खेळून आला आणि पाणी पिता पिता म्हणाला, “त्या घाट्याला आम्ही बॅटिंग देत नाही.” तो म्हणजे वॉचमनचा मुलगा, विजापूरकडचा. माझा हात पोळपाटावरच थांबला. घाटावरून आलेल्यांना हिणवायचा हा शब्द, गोव्यात राहणाऱ्यांना तो कसा लागतो ते सांगायला नको. सासऱ्यांनी तो बसमध्ये ऐकला, मासळी बाजारात ऐकला, भाड्याचं घर शोधताना तर किती वेळा.

मी ओरडले नाही. म्हटलं, “घाटी म्हणजे काय ते आजोबांना विचार.” त्याने विचारलं. आजोबांनी पेपरातून मान वर न करता उत्तर दिलं, “मी.”

मग त्यांनीच लेवीय 19:34 काढून दाखवलं. तुमच्यात राहणाऱ्या परक्यावर स्वतःसारखी प्रीती करा, कारण तुम्हीही मिसर (इजिप्त) देशात परके होता. पोरगं बराच वेळ गप्प. मग म्हणालं, “आजोबा, आपलं मिसर कुठलं?” सासरे म्हणाले, “बायणा.” म्हणजे इथलीच, वास्कोतली वस्ती.

दुसऱ्या दिवशी हा बॅट घेऊन वॉचमनच्या खोलीपाशी गेला, पण तो मुलगा काही आला नाही. का यावं त्याने? चार दिवस लागले, आणि पहिली ओव्हर त्याला बोलिंगच दिली म्हणे, बॅटिंग नाही.

तुमचं लिहा. ख्रिस्तीच असलं पाहिजे असं नाही. फक्त उपदेश नको, घडलेलं सांगा.

मडगाव

आमच्याकडे मत्तय 7:12 सपशेल आपटलं. लोकांनी तुझ्याशी जसं वागावं असं तुला वाटतं तसं तू वाग, असं मुलाला शिकवलं. आठवड्याभरात शाळेतून चिठ्ठी आली, सगळ्यांना ढकलतो म्हणून. विचारलं तर शांतपणे म्हणतो, “मला ढकललेलं चालतं. मजा येते.” यावर कुणाकडे उत्तर असेल तर कळवा.

फोंडा

मी हिंदू, नोकरी चर्चच्या शाळेत, पाचवीची वर्गशिक्षिका. एकदा एका मुलीच्या कंपासपेटीतले पन्नास रुपये गेले. वर्गात एक मुलगा आहे, त्याने पूर्वी एकदा कुणाचा तरी डबा खाल्ला होता. अख्ख्या वर्गाचं बोट त्याच्याकडे. मी विचारलं, “कुणी पाहिलं?” अकरा हात वर.

एकेकाला टेबलापाशी बोलावून हळूच विचारलं, तू कुठे उभा होतास, पेटी कुठे होती, त्याने कुठल्या हाताने काढले. पहिला म्हणाला डाव्या. दुसरी म्हणाली, मी नाही पाहिलं, पण तिने पाहिलंय. ‘ती’ म्हणाली, मला अमक्याने सांगितलं. असं करत करत अकराचे शून्य झाले. तो मुलगा तोवर बाकावर नखाने रेघा ओढत बसला होता.

पैसे शेवटपर्यंत मिळाले नाहीत. घरी जाऊन दहा आज्ञांतली ती ओळ नीट वाचली तेव्हा लक्षात आलं, मी इतकी वर्षं तिचा अर्थ ‘खोटं बोलू नका’ असा करून सांगत होते. शब्द तसे नाहीतच. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, असे आहेत. म्हणजे आपल्या बोलण्याने दुसऱ्याचं काय होईल, त्याबद्दल. पुढच्या तासाला मी तसंच सांगितलं. पैसे गेल्याचं कळल्यावर मीसुद्धा आधी त्याच्याकडेच पाहिलं होतं, हे मात्र मुलांना सांगायचा धीर झाला नाही. इथे सांगते.

पणजी

मुलीने उलट उत्तर दिलं म्हणून मी इफिसकरांस पत्राचा 6वा अध्याय उघडून तिच्यापुढे ठेवला. मुलांनो, आईबापांच्या आज्ञेत राहा, मोठ्याने वाच. तिने वाचलं, आणि न थांबता चौथ्या ओवीपर्यंत गेली. बापांनो, आपल्या मुलांना चिडीला आणू नका. तेही मोठ्याने, जरा जास्तच मोठ्याने. बायको स्वयंपाकघरात हसत होती. हल्ली मी वाचायला देताना पुढचं आधी बघून घेतो.

(जाता जाता: आईबापांचा मान राखण्याची आज्ञा आम्हा प्रोटेस्टंटांची पाचवी आणि कॅथलिक शेजाऱ्यांची चौथी. आज्ञा त्याच, मोजणी वेगळी. यावरून आमच्या आणि शेजारच्या पोरांची खरोखर मारामारी झाली आहे.)

म्हापसा

आमची प्रार्थना कोंकणीत, पण मी शिकले मराठी शाळेत, म्हणून इथे लिहिते. लेक पहिल्या कोमुन्यांवाच्या (कम्युनियनच्या) तयारीला दोतोर्नीला, म्हणजे चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला, जात होती. तिथे चांगल्या शोमरोन्याची गोष्ट झाली, लूकच्या 10व्या अध्यायातली. तिला ती फारच सोपी वाटली. पडलेल्या माणसाला उचललं, त्यात काय मोठं? मी सांगितलं, यहुदी आणि शोमरोनी एकमेकांशी बोलतसुद्धा नसत. तू रस्त्यात पडलीस तर कुणी उचललेलं तुला आवडणार नाही?

ती पटकन म्हणाली, “आंटीने.”

आंटी म्हणजे माझी नणंद. इथल्या जुन्या पोर्तुगीज कायद्याने वडिलांच्या घरात सगळ्या भावंडांचा वाटा, त्यामुळे आमच्या सालाच्या (दिवाणखान्याच्या) मधोमध भिंत आली आहे. केस चालू आहे ती अंगणातल्या खुरसाच्या (क्रुसाच्या) जागेवरून. हो, खुरसाच्याच. माझं लग्न झालं तेव्हापासून आम्ही एकमेकींकडे न बघता कपडे वाळत घालतो. मुलीला यातलं कुणी काही शिकवलं नव्हतं, असं मी समजत होते.

मे महिन्यात खुरसापाशी लादायन (गाऊन म्हणायची सामूहिक प्रार्थना) झाली. आमची माणसं अलीकडे, त्यांची भिंतीपलीकडे, गाणं मात्र एकच. नंतर उकडलेले चणे वाटताना ही स्टीलचा वाडगा भरून घेऊन सरळ तिकडे गेली. मी हाक मारेपर्यंत पायरी चढलीसुद्धा. नणंदेने विचारलेलं मला इथपर्यंत ऐकू आलं, “आवयन धाडलें?” (आईने पाठवलं?)

“ना. हांवूच आयलें.” (नाही. मीच आले.)

वाडगा घेतला तिने. अजून परत आलेला नाही. केसची पुढची तारीख जुलैत आहे.