प्रतिसाद: ओअॅसिस परत एकत्र, फक्त पैशासाठी?

वर कोणीतरी म्हटलंय की ओअॅसिस या ब्रिटिश रॉक बँडमधले गॅलघर बंधू, नोएल आणि लियम, निव्वळ पैशासाठी एकत्र आले. असेलही, पण मग १६ वर्षं कशाला थांबले? २००९ ला पॅरिसमध्ये स्टेजवर जायच्या आधीच भांडण झालं, नोएलने बँड सोडला आणि त्यानंतर दोघं मुलाखतींमधून एकमेकांची उणीदुणी काढत बसले. लियमने तर २०२२ मध्ये इंग्लंडमधल्या नेबवर्थला एकट्याच्या जिवावर दोन रात्री मोठे शो केले, म्हणजे त्याचं काही अगदी अडलं होतं असं नाही.

माझा राग तिकिटांवर आहे. डायनॅमिक प्रायसिंग म्हणे, म्हणजे मागणी वाढली की तिकिटाचा भावही वाढवायचा! साधारण १५० पाउंडाचं उभं राहायचं तिकीट रांगेत तासन्‌तास थांबल्यावर ३५० च्या वर गेलेलं दिसलं लोकांना, ही सरळसरळ लूट आहे राव.

बाकी ४ जुलै २०२५ ला कार्डिफला दौऱ्याची सुरुवात झाली तेव्हा दोघं हात धरून स्टेजवर आले, ते क्लिप बघून जरा गलबललंच. गाणी बहुतेक नव्वदीतलीच, शेवटच्या दोन अल्बममधलं एकही नाही, आणि माझ्या मते ते बरंच झालं. बँडचा जुना गिटारवादक बोनहेड परत गिटारवर दिसला याचा आनंद वेगळाच. भारतात मात्र एकही शो नाही, टोकियो, सोलपर्यंत येऊन गेले की!