एल्गारच्या चेलो कॉन्चेर्टोची लय: ड्यू प्रेने रडवलं म्हणून तीच खरी?

मंद्र (धागाकर्ता)
इंग्रज रचनाकार एल्गारच्या ई मायनर चेलो कॉन्चेर्टोचं (चेलो म्हणजे व्हायोलिनचा मोठा, खर्जातला भाऊ; कॉन्चेर्टो म्हणजे एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) नाव काढलं की जो तो १९६५चं रेकॉर्डिंग पुढे करतो. चेलोवर जॅकलीन ड्यू प्रे, लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा, कंडक्टर बार्बिरोली. वीस वर्षांची पोरगी आणि काय वाजवलंय, त्यावर वादच नाही. माझं भांडण लयीशी आहे.

सुरुवातीचं चेलोचं स्वगत आटोपलं की व्हायोला (व्हायोलिनहून जरा मोठी वाद्यं) एकट्याच, कुणाच्याही साथीशिवाय, ९/८ तालातली धून धरतात. तिथे एल्गारने 'मॉडेराटो' लिहून ठेवलंय. सरळ मध्यलय. धून झुलायला हवी. बार्बिरोलींकडे ती पाय ओढत चालते आणि चेलो येईपर्यंत आपण सुतकात शिरलेले असतो. खुद्द एल्गारने १९२८ साली चेलोवर बिअ‍ॅट्रिस हॅरिसनला घेऊन, स्वतः कंडक्ट करून हे रेकॉर्ड केलंय. तीच धून तिथे ताठ मानेने चालते. दुःख आहे, पण घरंदाज. रचनाकाराने स्वतः लय दाखवून दिल्यावर आपण विलंबिताचा हट्ट का धरायचा?

टवाळ बोका
१९२८च्या तबकड्यांवरून लय ठरवताय? १२ इंची तबकडीच्या एका बाजूवर साडेचार मिनिटांच्या आसपासच मावायचं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकून कुणी म्हणतं का, की खाँसाहेब मैफलीत तीन-साडेतीन मिनिटांत राग आटपायचे? घड्याळाकडे बघून वाजवलेलं प्रमाण मानू नका.

मंद्र
बोकोबा, खाँसाहेबांना एका बाजूत अख्खी चीज बसवावी लागायची. इथे कॉन्चेर्टो अनेक बाजूंवर पसरलाय, मधे तोडायची सोय होती. शिवाय घाई घाईसारखी ऐकू येते. हॅरिसनबाई कुठेच धापा टाकत नाहीत.

नीला_गो
लयीवरून डोकी फोडताय, सुरावटीबद्दल कुणीच बोलत नाहीये. 'ई मायनर (कोमल गंधाराची पट्टी), म्हणून उदास' हे मी इतक्यांदा वाचलंय की वीट आला. तिसरा भाग, अदाजिओ (म्हणजे विलंबित), बी फ्लॅट मेजरमध्ये आहे. मेजर, म्हणजे आपल्या बिलावलाचेच स्वर! आणि अख्ख्या रचनेत काळजात घुसतो तो हाच भाग. ई पासून बी फ्लॅट इतका दूर की अष्टकाच्या बरोबर मध्यावर येतो. दुसरा भाग जी मेजरमध्ये संपवून एल्गार आपल्याला एकदम परक्या मुलखात नेऊन सोडतो.

तिथे चेलो जवळजवळ थांबतच नाही, एखादं माप (तालाचं आवर्तन) सोडलं तर सतत गातो. स्वर वर झेपावतो आणि तिथून हळूहळू उतरतो, पुन्हा झेपावतो, पुन्हा उतरतो. आणि शेवटी? षड्जावर येतच नाही. पंचमाच्या कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांवर) लटकत ठेवून पुढचा भाग सुरू. ही टांगती जागा संथ लयीतच अंगावर येते. ड्यू प्रे तिथे बो (गज) इतका सावकाश ओढते की आवाज आता तुटेल असं वाटतं, पण तुटत नाही. मंद्र, पहिल्या भागात तुमचं म्हणणं असेलही, पण अदाजिओत मला हीच लय हवी.

खवचट_खानोलकर
एक मुद्दा राहतोय. २७ ऑक्टोबर १९१९ला क्वीन्स हॉलमध्ये पहिला प्रयोग झाला, फेलिक्स सामंड चेलोवर, एल्गार कंडक्टर. त्या रात्री ऑर्केस्ट्रातल्या चेलोवाल्यांत तरणाबांड बार्बिरोली बसला होता. त्याने एल्गारच्या हातची लय समोरून पाहिलीय. तेव्हा 'बार्बिरोलींनी रचनाकाराविरुद्ध लय लावली' वगैरे जरा जपून.

मंद्र
कुठली रात्र काढलीत! उरलेल्या कार्यक्रमाचा कंडक्टर कोट्स, त्याने तालमीचा वेळ खाल्ला आणि ऑर्केस्ट्रा कच्चा राहिल्याने प्रयोग पार फसला. त्या रात्री बघून काय शिकणार, डोंबल? आणि मधे ४६ वर्षं गेली. तेवढ्यात माणसाची लय बदलते.

स्वरूपा
मला वाटतं आपण ड्यू प्रेचं आयुष्यच ऐकत असतो. मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार, चेलो सुटला, १९८७ला ४२व्या वर्षी गेली. ते माहीत असताना ही लय रड आणणारच.

खवचट_खानोलकर
आजाराचं निदान १९७३चं, रेकॉर्डिंग १९६५चं. तेव्हा ती धडधाकट होती. पहिल्या भागात चेलो चढत चढत वरच्या ई वर पोचतो आणि मागून सगळा ऑर्केस्ट्रा तीच धून घेऊन कोसळतो, तिथे तिचा जोर बघा. आजारी माणसाची चाहूल तिथे शोधणं म्हणजे आपलंच रडगाणं तिच्या नावावर खपवणं.

टवाळ बोका
आणि मंद्र, दुसरा भाग ऐकलात ना? 'आलेग्रो मोल्तो' (अगदी द्रुत), भुरभुरत्या सोळांशाच्या सुरांचा. तिथे बाई कुठे रेंगाळतात? सुसाट सुटल्यात. म्हणजे संथपणा हा हाताचा दोष नाही, जागा बघून निवडलेला आहे.

मंद्र
दुसऱ्या भागाबद्दल माझी तक्रार कधी नव्हतीच. अदाजिओही नीलाताईंना देऊन टाकला. पण व्हायोलांची ती धून? ती मी सोडणार नाही. मॉडेराटो म्हणजे मॉडेराटो.